जोडलं, तपासलं

३ मार्च, मंगळवार

धाकट्यास,

एक कामाचा प्रश्न आहे म्हणून लिहितो आहे. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि तुझ्या वहिनीच्या फोनवरून बोलायची मला लाज वाटते. पत्ता तिच्याकडूनच घेतला. "कशाला हवाय?" तिने विचारलं. म्हटलं, प्रोसेसरबद्दल विचारायचंय. ती हसली नाही. "आठ वर्षांनी भावाला प्रोसेसरबद्दल पत्र लिहिणारे तुम्हीच," म्हणाली आणि पत्ता लिहून दिला.

प्रश्न असा. नकाशेवाल्या बाई दुकानात आल्या होत्या. त्यांनी ऑफिस बंद केलं. आता घरूनच, एकटीने, जमेल तेवढं काम करणार. इमारतींचे नकाशे, आणि ती इमारत सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवतात ती चित्रं. त्यासाठी एक नवं मशीन हवं आहे. मी नेहमीचं सुरू केलं, निळ्या कंपनीचा प्रोसेसर घ्या आणि निश्चिंत राहा. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"थोरले, मला लाल हवाय. धाकट्यांनी लावलेले सात अजून चालतात."

"सात?"

"आठवा तुमच्याकडेच मेला ना."

मग त्यांनी दुकानात नजर फिरवली. तुझं टेबल अजून तिथेच आहे, त्यावर खोकी ठेवतो. "धाकटे कुठे असतात हल्ली? त्यांनीच जोडावं असं माझ्या मनात आहे." मी म्हटलं, बाहेरगावी असतो. "येतील की," म्हणाल्या. घाई नाही म्हणाल्या. चहा नको म्हणाल्या आणि गेल्या.

मला लाल कळत नाही हे तुला माहीत आहे. सव्वीस वर्षं निळाच विकला. लाल तापतो, लाल अडतो, लाल घेतला की गिऱ्हाईक महिन्याने दारात उभं, ही वाक्यं माझ्या तोंडात इतकी बसली आहेत की ती खरी आहेत का हे पाहायचं राहून गेलं. आता दोन्हीकडचे आकडे कागदावर उतरवून बसलो आहे. निळ्यात कोअर जास्त दिसतात, पण त्यातले बरेचसे छोटे. लालमध्ये संख्या कमी आणि सगळे सारखे. नकाशा काढताना एकच कोअर पळतो आणि चित्र तयार होताना सगळे, एवढं मला कळतं. पण चित्र चार तास तयार होत राहिलं तर कोणता किती तापेल, पंखा कुठला पुरेल, कुठली रॅम बसेल आणि कुठली नखरे करील, हे आकड्यांत दिसत नाही. ते तुझ्या हाताला कळायचं.

तेव्हा कुठला घेऊ, ते लिही. उत्तर कामापुरतं असलं तरी चालेल.

दादा

१४ मार्च, शनिवार

धाकट्यास,

उत्तर मिळालं. सहा ओळी. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, पंखा, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. वर नाव नाही, खाली सही नाही. दुकानात तू होलसेलवाल्याला द्यायची यादी याहून जास्त मायेने लिहायचास. पण मी कामापुरतं म्हटलं होतं, तेव्हा तक्रार करत नाही.

सातवी ओळ होती. तू ती खोडली आहेस. कागद उजेडासमोर धरून पाहिला. 'फिरव' एवढा एक शब्द लागला.

अक्षर तेच आहे. वहिनी म्हणते की तिथे तू गोदामात खोकी भरायचं काम करतोस, दिवसभर हातमोजे घालून. तुला हातमोजे आवडायचे नाहीत. बोटांना काही कळत नाही म्हणायचास. तेच काम कशाला घेतलंस, असं मी तिला विचारलं. "तुम्हीच विचारा की त्याला. पत्रं लिहिताय ना?" म्हणाली. तर विचारतो आहे. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

त्या दिवसाबद्दल लिहिणार नव्हतो, पण बाई येऊन गेल्यापासून डोक्यातून जात नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की तू ते फार मनाला लावून घेतलंस. लाल प्रोसेसरखाली तेराशे एकतीस पिना, केसासारख्या. कोणाच्याही हातून वाकतात. दोन तुटल्या म्हणून माणूस धंदा सोडून जात नाही. बाईंचे नकाशे चार तास उशिरा पोचले आणि शाळेच्या इमारतीचं काम दुसऱ्या ऑफिसला गेलं, हे वाईट झालं. पण त्यांनी मशिनं आपल्याकडून काढून नेली, तुला फाशी दिली नाही.

तू तेव्हा एकसारखं म्हणत होतास की मी आत चिठ्ठी लावली होती, ती कुठे गेली. मी म्हटलं, लावली नसशील. असो.

तुझ्या त्या चिठ्ठ्या. लाल मशीन जोडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचास. पुढे जो कोणी उघडेल त्याच्यासाठी. आणि खाली दोन ओळी, जोडलं कोणी, तपासलं कोणी. एकाने जोडायचं आणि दुसऱ्याने तपासायचं ही पद्धत मात्र माझी होती. ती तू घेतलीस. एवढं लक्षात असू दे.

सामान मागवलं आहे. तुझ्या यादीप्रमाणे, एकही वस्तू न बदलता.

दादा

२५ मार्च, बुधवार

धाकट्यास,

सामान आलं. प्रोसेसरची डबी उघडली आणि तो उलटा करून पाहिला. पिना नाहीत. खाली नुसते सोनेरी ठिपके, निळ्यासारखेच. पिना आता बोर्डावर गेल्या आहेत, आणि प्रोसेसरवर दाबून बसणारी लोखंडी चौकटही आली आहे. तुला हे माहीत असेलच. मला नव्हतं. इतकी वर्षं मी लालचं खोकं उघडलंच नव्हतं. दारावर पाटी लावली होती, 'येथे फक्त निळा प्रोसेसर मिळेल'. तू गेल्यावर लावली. ती वाचून गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. मला वाटायचं, जाऊ दे, महिन्याने परत येईल. कोणी आलं नाही.

डबी हातात घेऊन बराच वेळ बसलो. तू आणि मी ज्यावरून जेवताना ताट सरकवून उठायचो तो फरक आता उरलेला नाही. दोन्ही कंपन्या तेच करतात. कोणी कोणाचं उचललं हेही कोणी विचारत नाही. समोरच्या दुकानातल्या मुलीला मी विचारलं की तू लाल देतेस की निळा. ती म्हणाली, "काका, जो स्टॉकमध्ये असेल तो."

वहिनीने तेव्हा दोन कप आणले होते ते आठवतात? निळा मला, लाल तुला. "आता तरी शांतपणे प्या," म्हणाली होती. लाल कपाचा कान तुटला आहे. ती त्यात मेणबत्त्या ठेवते.

दुकान सुरू केलं त्या वर्षी निळ्या कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते अजून आहे, पाच मिनिटं मागे. मी चोवीस वर्षांचा होतो आणि तोवर कोणी मला काही फुकट दिलं नव्हतं. निळ्याशी माझं जे होतं ते एवढंच होतं, असं आज वाटतं. आकडे नंतर जमवले.

आणि तू लाल आणलास. तू नऊ वर्षांचा असल्यापासून मी सांगेन ते केलंस. शाळा मी ठरवली, कोर्स मी ठरवला, दुकानात बसायचं हेही मी ठरवलं. आणि एके दिवशी बाईंच्या ऑफिसची आठ मशिनं ठरत असताना, मी बोलत असताना, त्यांच्यासमोर तू म्हणालास, "दादा, या कामाला लाल बरा." मला ते प्रोसेसरबद्दल वाटलंच नाही.

तुझं बरोबर होतं. हे तेव्हाच कळलं होतं. बाईंचं चित्र पूर्वी साडेतीन तास घ्यायचं ते दीड तासावर आलं. मी त्याबद्दल कधी बोललो नाही.

तरी सवय जात नाही. परवा बाईंना निळ्याचीही एक यादी करून पाठवली, तुलना करायला म्हणून. त्यांनी ती परत पाठवली. खाली लिहिलं होतं, 'थोरले, पुरे आता.'

सामान टेबलावर ठेवलं आहे, तुझ्या. खोकी हलवली.

दादा

२ एप्रिल, गुरुवार

धाकट्यास,

बाईंकडे जाऊन आलो. ऑफिस बंद करताना त्यांनी सहा मशिनं हाताखालच्या लोकांना वाटली आणि एक स्वतःला ठेवलं. नवं येईपर्यंत ते चालायला हवं आणि पंखा फार आवाज करतो, म्हणून बोलावलं होतं.

तिसरा मजला, लिफ्ट बंद. एका खोलीत मोठं टेबल, गुंडाळलेल्या नकाशांच्या नळ्या, खिडकीशी मशीन. बाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या. कोणी बघत असलं की मला काम सुचत नाही, पण त्यांना सांगणार कसं?

बाजूचं झाकण काढलं. आत चिठ्ठी होती.

टेप पिवळी पडली आहे. अक्षर स्वच्छ. 'काढण्याआधी दहा मिनिटं चालू ठेव. पंख्याखालची पेस्ट मऊ होते. मग पंखा हलके फिरव. सरळ ओढू नको, प्रोसेसर पंख्याला चिकटून वर येतो.' त्याखाली, 'जोडलं: धाकटा. तपासलं: दादा.' माझी सही. मी तपासलं होतं. आठही तपासली होती. आठही वेळा ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि आठही वेळा मी फक्त खाली सही केली.

मशीन चालू केलं आणि दहा मिनिटं थांबलो.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"गरम होऊ द्यायचं असतं."

"धाकटेही असेच बसायचे," त्या म्हणाल्या. "घड्याळ लावून. मी म्हणायचे, अहो उरका. तर म्हणायचे, बाई, याच्याशी घाई केली की रुसतो."

दहा मिनिटांनी बंद केलं, स्क्रू काढले आणि पंखा फिरवला. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. सुटला. प्रोसेसर जागेवर राहिला. एवढंच करायचं असतं.

धूळ काढली, नवी पेस्ट लावली. बाईंनी चहा आणला. कप खाली ठेवताना त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी फार बोलले त्यांना. काम गेलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. 'तुमच्या हातांवर मी विसंबले होते' असं म्हणाले. ते आपल्या हातांकडेच बघत राहिले. ते मला अजून दिसतं."

मी म्हटलं, चहा छान झालाय.

जिन्यात मधल्या वळणावर बसलो.

आज तुला सगळं लिहायला बसलो होतो. वर वाचून पाहिलं तर चहापर्यंत पोचलो आहे. पुढचं पुढच्या पत्रात लिहीन. लिहिलं नाही तर तू समजून घे की मी तोच आहे.

दादा

११ एप्रिल, शनिवार

धाकट्यास,

या पाकिटात एक जुनी चिठ्ठी आहे. ती आधी बघ आणि मग हे वाच.

ती बाईंच्या आठव्या मशीनमधली आहे. तू लावली होतीस.

मशीन आदल्या दिवशी आलं होतं. मधेच बंद पडतं, आत धूळ आहे, अशी तक्रार होती. सकाळी सामान आणायला निघताना तू दारातून म्हणालास, "दादा, बाईंचं मशीन मी दुपारी बघतो. तू हात लावू नको." तू सहज म्हणालास. मी ते सहज घेतलं नाही. माझ्या दुकानात, माझ्या टेबलावर, हात लावू नको.

तू गेल्यावर झाकण उघडलं. चिठ्ठी दिसली. पहिली ओळ वाचली, 'दहा मिनिटं चालू ठेव', आणि डोकं फिरलं. हा मला शिकवतो. चिठ्ठी ओढून काढली आणि खिशात घातली. चार स्क्रू काढले आणि पंखा धरून सरळ वर ओढला, थंड असताना. निळ्यात मी आयुष्यभर तसाच ओढत आलो. तिथे वर चौकट असते, काही होत नाही. इथे दात उपटल्यासारखा आवाज आला. प्रोसेसर पंख्याला चिकटून हातात आला. उलटा केला. एका कोपऱ्यातल्या सोळा पिना आडव्या झाल्या होत्या. मोजल्या.

पहिला विचार बाईंच्या नकाशांचा आला असता तर बरं झालं असतं. तुझा आला असता तरी. पहिला विचार आला, धाकटा हसेल.

सुरीच्या टोकाने प्रोसेसर सोडवला, सॉकेटमध्ये ठेवला, दाबला आणि त्याला धरून ठेवणारी दांडी बंद केली. काही पिना त्याने आणखी वाकल्या असतील. तीच पेस्ट, तोच पंखा, तेच स्क्रू. झाकण लावलं, हात धुतले आणि जेवलो.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने. माझ्या बाजूने असं होतं. तू दोन वाजता आलास. बटण दाबलंस, चालू झालं नाही. "सकाळी कोणी उघडलं होतं का?" विचारलंस. मी म्हटलं, मी हात लावला नाही. तू उघडलंस. "चिठ्ठी कुठे गेली?" मी म्हटलं, लावली नसशील. ती माझ्या शर्टाच्या खिशात होती. वाकलो तेव्हा कागद वाजला. तू पंखा फिरवून काढलास, नीट, अगदी नीट, आणि म्हणालास, "इतका सहज कसा निघाला?" मी म्हटलं, नशीब तुझं.

मग तू प्रोसेसर उचलून उलटा केलास. तुला वाटलं, तूच वाकवल्यास. आत्ता, काढताना. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि तेव्हा मी बोललो असतो तर सगळं तिथेच संपलं असतं. तू खटक्याची पेन्सिल काढलीस, तिच्या रिकाम्या टोकाने एकेक पीन सरळ करायला लागलास. तुझा हात कधी थरथरला नव्हता. तेव्हा थरथरला. दोन पिना तुटल्या.

त्या दोन पिनांमागे मी आठ वर्षं लपलो. तुटल्या तर त्याच्याच हातून, असं स्वतःला सांगत आलो. मार्चमधल्या पत्रात तुलाही तेच लिहिलं.

मग बाई आल्या. त्या तुला बोलल्या आणि मी शेजारून म्हटलं, "हात सांभाळ म्हटलं होतं." तसं मी कधी म्हटलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. मग आठवड्याने. मग असं झालं की प्रोसेसर बसवायची वेळ आली की तू म्हणायचास, "दादा, तू लाव." लालही मलाच द्यायचास. तू टेबलापाशी हात मागे बांधून उभा राहायचास, लहानपणी राहायचास तसा. आणि मला बरं वाटायचं. या सगळ्यात हे सर्वांत वाईट आहे म्हणून लिहितो आहे. मला बरं वाटायचं. म्हणून सांगितलं नाही. दोन महिन्यांनी तू गेलास.

चिठ्ठी फेकली नाही. का, ते माहीत नाही. प्रोसेसरही ठेवला आहे, चष्म्याच्या जुन्या डबीत. तू गेल्यावर बाकीच्या चौदा पिना सरळ केल्या, तुझ्याच पेन्सिलने. त्याचा उपयोग काही नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला हो किंवा नाही म्हणावं लागेल. तुझ्या हातात दोष नव्हता, एवढं तुला माहीत असावं.

दादा

९ मे, शनिवार

धाकट्यास,

महिना झाला. तुझं काही नाही. येईल असं धरूनही बसलो नव्हतो.

वहिनीला सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसत राहिली. शेवटचं ताट पुसून म्हणाली, "आपल्या लग्नात आलेलं गजराचं घड्याळ त्याने दहा वर्षांचा असताना उघडून परत जोडलं होतं. एक स्क्रू उरला नव्हता. मी तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, याचे हात बघा." दोन दिवस चहा करून ठेवत होती, हातात देत नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता बाईंनाही सांगा. मग मला तोंड दाखवा."

बाईंना सांगितलं. तिसरा मजला, लिफ्ट अजून बंद. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "थोरले, काम गेलं ते गेलं, दुसरी आली. मशीन कोणी बिघडवलं याने मला आता फरक पडत नाही. मी भलत्याच माणसाला बोलले, याने पडतो." मग तुझा पत्ता मागितला. मी दिला. तुला न विचारता दिला, हे एक.

निघताना मी विचारलं, की मग मशीनचं काय, दुसऱ्या कोणाकडून जोडून घ्याल का? त्या म्हणाल्या, "नाही. मी थांबलेय ना."

सामान अजून टेबलावर आहे. खोकी उघडलेली नाहीत. दारावरची पाटी काढली. चार स्क्रूंपैकी एक गंजला होता, तो तोडावा लागला. समोरची मुलगी विचारायला आली, "काका, दुकान बंद करताय?" म्हटलं, अजून नाही.

वहिनीने तुला फोन केला होता हे मला माहीत आहे. काय बोललात ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. फोन झाल्यावर मात्र तिने लाल कपातल्या मेणबत्त्या काढल्या आणि तो धुऊन पालथा घातला.

दादा

२१ मे, गुरुवार

धाकट्यास,

तुझं पाकीट मिळालं. पत्र असेल म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. पत्र नव्हतं. कागदाची एक पट्टी, झाकणाच्या आत लावायच्या मापाची.

'दांडी दाबताना कर्र आवाज येतो. घाबरू नको.

बोर्डावरच्या पिनांना बोट लावू नको.

पेस्ट मधोमध, वाटाण्याएवढी.

काढण्याआधी दहा मिनिटं चालू ठेव. फिरव. ओढू नको.'

शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. या प्रोसेसरला ती लागत नाही. वर चौकट आहे, ओढला तरी तो जागेवरच राहील. हे तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. मार्चमध्ये तू हीच ओळ खोडली होतीस. आता लिहिली आहेस.

त्याखाली तुझ्या अक्षरात, 'जोडलं: दादा.' आणि त्याखाली, 'तपासलं:' आणि पुढे काही नाही.

परवा जोडायला घेतलं. तुझ्या टेबलावर, खिडकीकडे तोंड करून. दांडी दाबली तेव्हा आवाज आला. तू लिहिलं नसतंस तर थांबलो असतो. वहिनी टॉर्च धरून उभी होती. "सावकाश," दर मिनिटाला म्हणत होती. म्हटलं, तू पण चिठ्ठ्या लाव आता. ती हसली. मार्चपासून पहिल्यांदा.

बटण दाबलं आणि पहिल्याच झटक्यात चालू झालं. रॅम पूर्ण दिसते. एक मोठं चित्र चार तास चालवलं, बाईंनीच दिलं होतं. पंख्याचा आवाज जवळ कान नेला तर येतो. आतल्या बाजूने तुझी पट्टी लावली, चारी बाजूंनी टेप.

बाईंना फोन केला. म्हटलं, मशीन जोडून झालं आहे, पण देता येत नाही, तपासणी व्हायची आहे. त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील?" म्हटलं, मला सांगता येत नाही, ते तपासणाऱ्यावर आहे. "बरं," त्या म्हणाल्या. "जुनं चालतंय अजून."

मी सही करू शकलो असतो. एकट्यानेच जोडायचं आणि एकट्यानेच तपासायचं, गेली आठ वर्षं तसंच चाललं आहे. पण पद्धत ती नाही.

मशीन तुझ्या टेबलावर आहे. बाजूचं झाकण लावलेलं नाही. धूळ बसू नये म्हणून वर टॉवेल टाकला आहे.

दादा